दिनविशेष आणि गीतनिवड : छत्रपती संभाजीनगर परिसरातील जयंती-स्मृतिदिनांच्या गाण्यांचा एक विचार

१ ऑगस्ट १९२० या एकाच दिवशी मुंबईत लोकमान्य टिळकांचे निधन झाले आणि सांगली जिल्ह्यातील वाटेगाव येथे अण्णाभाऊ साठे यांचा जन्म झाला. त्यामुळे महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत या तारखेला एकाच टेबलावर दोन प्रतिमा ठेवल्या जातात, एकाच निरांजनाने दोहोंचे पूजन होते आणि एकच वक्ता दोघांवर बोलतो. एक पुण्यतिथी, दुसरी जयंती. भाषणात ही अडचण निभावून नेता येते, कारण भाषणाला ‘तर दुसरीकडे’ असे म्हणण्याची सोय असते. गीताला ती नसते. गीत एकतर शोकाचे असते, नाहीतर उत्सवाचे. एकतर टिळकांच्या राजकारणाच्या परंपरेतले असते, नाहीतर अण्णाभाऊंच्या शाहिरीच्या. म्हणून बहुतेक ठिकाणी या दिवशी कोणाच्याही वाट्याला न जाणारे एखादे स्वागतगीत गायले जाते आणि प्रश्न सुटला असे मानले जाते. प्रस्तुत लेखात या न सुटलेल्या प्रश्नाचा विचार केला आहे. एखाद्या तारखेसाठी गीत निवडणे म्हणजे त्या तारखेचा अर्थ लावणे होय. ही निवड केवळ कार्यक्रमपत्रिकेतील रकाना भरण्याची बाब मानली, की अर्थ लावण्याचे काम ध्वनिक्षेपकवाल्याकडे जाते.

जयंती-पुण्यतिथींच्या याद्या शासकीय परिपत्रकांतून महाविद्यालयांपर्यंत पोहोचतात. त्यांत दिनांक असतो, नाव असते, प्रतिमापूजनाची सूचना असते. गीत मात्र सांस्कृतिक विभागप्रमुखाच्या किंवा राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहते. साहित्याच्या अभ्यासकांनीही या निवडीकडे फारसे लक्ष दिलेले नाही. गीताची समीक्षा होते ती कवीच्या संदर्भात किंवा प्रकाराच्या संदर्भात. ते कोणत्या तारखेला, कोणाच्या उपस्थितीत आणि कोणते दुसरे गीत बाजूला सारून गायले गेले, याची नोंद समीक्षेत येत नाही.

पाळणा, षष्ठी आणि उरूस

तारखेसाठी गीत ही कल्पना मराठी समाजाला नवी नाही. रामनवमीला माध्यान्ही आणि गोकुळाष्टमीला मध्यरात्री म्हटला जाणारा पाळणा हे तिचे सर्वांत परिचित रूप आहे. पाळण्याचे वैशिष्ट्य असे की तो जन्माचे स्मरण करीत नाही, तो जन्म घडवून आणतो. दोरी हातात घेतलेल्या स्त्रीच्या दृष्टीने बाळ आता, या क्षणी जन्मलेले असते. शिवाय पाळण्यात तपशील असतो. पहिल्या दिवशी काय झाले, दुसऱ्या दिवशी काय, बारशाला नाव कोणते ठेवले, मोठेपणी बाळ कोणता पराक्रम करणार, हे सारे क्रमाने येते. शिवजयंतीसाठी आणि पुढे भीमजयंतीसाठी पाळणे रचले गेले, त्यामागे हीच सोय होती. चरित्र सांगण्यासाठी स्त्रियांजवळ आधीपासून एक साचा होता आणि त्यात नवा नायक बसत होता.

याच्या अगदी उलट टोकाला आजचे वाढदिवसाचे इंग्रजी गाणे आहे. त्याची चाल १८९३ मध्ये अमेरिकेतील दोन भगिनींनी लहान मुलांच्या वर्गात सकाळी म्हणावयाच्या अभिवादनगीतासाठी प्रसिद्ध केली होती. वाढदिवसाचे शब्द तिला मागाहून चिकटले. त्यांच्यावरील स्वामित्वहक्काचा दावा २०१५ मध्ये तेथील न्यायालयाने अमान्य केला. त्या गाण्यात व्यक्तीविषयी काहीही नाही, नावापुरती एक रिकामी जागा तेवढी आहे. ती जागा कोणालाही मिळते, हाच त्याच्या जगभरच्या प्रसाराचा आधार. पाळणा आणि हे गाणे यांत उच्च-नीच ठरवण्याचे कारण नाही. परंतु सार्वजनिक जयंतीची गीते आज पाळण्याकडून या रिकाम्या जागेच्या गाण्याकडे सरकत आहेत. नायकाचे नाव बदलले तरी बाकीचे शब्द तसेच राहावेत, अशी अनेक गीते बाजारात आहेत आणि एकाच चालीवर ती तीन-तीन जयंत्यांना वाजतात.

छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात तारखेचे आणखी दोन जुने संस्कार आहेत. ते पुढील विवेचनासाठी महत्त्वाचे आहेत. पैठणची एकनाथषष्ठी फाल्गुन वद्य षष्ठीला होते. परंपरेनुसार एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांचा जन्म, त्यांना झालेला दत्तात्रेयांचा अनुग्रह, त्यांनी एकनाथांना दिलेला अनुग्रह, त्यांचे निर्वाण आणि १५९९ मधील एकनाथांची जलसमाधी या पाचही घटना याच तिथीच्या मानल्या जातात. जन्म आणि मृत्यू एकाच तिथीवर आल्यामुळे षष्ठीचे गीत शोकगीत होऊ शकत नाही आणि निव्वळ जन्मोत्सवाचेही होऊ शकत नाही. तेथे अभंग आणि भारूड दोन्ही चालते. समाजाच्या तळच्या माणसाच्या तोंडून बोलणारी एकनाथांची भारुडेही त्याच आवारात म्हटली जातात.

दुसरा संस्कार खुलताबादचा. जरजरी जरबक्ष यांच्या दर्ग्याचा उरूस हा वस्तुतः पुण्यस्मरणाचा दिवस आहे. पण ‘उर्स’ या शब्दाचा मूळ अर्थ विवाह असा आहे. संताचा मृत्यू म्हणजे प्रियतमाशी मीलन, म्हणून त्या दिवशी रडणे नाही, कव्वाली आहे. चौदाव्या शतकात याच गावी विसावलेले बुऱ्हानुद्दीन गरीब यांची समाविषयीची ओढ सूफी वाङ्मयात नोंदलेली आहे. म्हणजे शहराच्या दोन बाजूंना असलेल्या या दोन तीर्थांनी मृत्यूच्या तिथीला आनंदाचे गाणे म्हणण्याची रीत शेकडो वर्षे जपलेली आहे. आधुनिक दिनदर्शिकेने आणलेले ‘जयंतीला आनंद, पुण्यतिथीला दुःख’ हे विभाजन तुलनेने नवे ठरते.

१४ एप्रिल आणि ६ डिसेंबर

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची सार्वजनिक जयंती १९२८ मध्ये पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी प्रथम साजरी केली, असे मानले जाते. त्यानंतरच्या दशकात आंबेडकरी जलसे उभे राहिले. त्यांना सत्यशोधकी जलशांचा वारसा होता. भीमराव कर्डक यांच्यासारख्या कलावंतांनी तमाशाचा ढाचा घेतला, त्यातील गण-गौळणीच्या जागी नवे नमन व नवा संवाद आणला आणि सभेला जे साधत नव्हते ते गावच्या चावडीसमोर साधून दाखवले. या जलशांतील गाणी तारखेची नव्हती, कामाची होती. शाळा, पाणवठा, मेलेली जनावरे ओढण्याचे सोडणे हे त्यांचे विषय होते. जयंती हे त्या गाण्यांना मिळालेले एक निमित्त होते.

१९५६ नंतर तारीख आणि गीत यांचे नाते पालटले. नायक हयात नसल्यामुळे १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर हे दोन दिवस स्मृतीचे खांब झाले आणि गाणी त्यांच्याभोवती गोळा झाली. वामनदादा कर्डक (१५ ऑगस्ट १९२२ – १५ मे २००४) यांची हजारो गीते याच काळातील आहेत. सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे जन्मलेल्या, मोठेपणी अक्षरओळख झालेल्या या कवीने बाबासाहेबांचे गुणगान केले, तसेच अनुयायांची झाडाझडतीही घेतली. उद्योगपतींच्या संपत्तीतील आपला वाटा कोठे आहे, असे रोखठोक विचारणारे त्यांचे गीत प्रसिद्ध आहे. भीमाच्या मताची माणसे बोटांवर मोजण्याइतकी तरी उरली आहेत काय, हा सवाल करणारे गीतही तितकेच प्रसिद्ध आहे. पहिले गीत व्यवस्थेला विचारते, दुसरे ऐकणाऱ्यालाच.

जयंतीच्या निवडीत या दुसऱ्या प्रकारच्या गाण्यांचे काय होते, हे पाहण्यासारखे आहे. मिरवणुकीत गौरवगीत सहज चालते. आर्थिक प्रश्न विचारणारे गीतही एखाद्या व्यासपीठावर चालून जाते, कारण त्यातील आरोपी बाहेरचा असतो. आत्मपरीक्षणाचे गीत मात्र मागे पडते. आणि वाजलेच, तर नव्या वाद्यमेळात त्याचा ठेका असा होतो की सवाल ऐकू येत नाही, ठेकाच उरतो. दरवर्षी जयंतीच्या ध्वनिक्षेपकांवर वाद होतो तो डेसिबलचा आणि रात्री दहाच्या मर्यादेचा. कोणते गाणे वाजले यावर कोणी पत्रक काढल्याचे ऐकिवात नाही. मोठ्या आवाजापेक्षा चुकीच्या निवडीने कवीचे अधिक नुकसान होते, हे येथे स्पष्टपणे म्हणावयास हवे.

चित्रपटगीतांच्या चाली घेण्याविषयी अभिजनांची नाराजी जुनी आहे. ती मान्य करण्याचे कारण नाही. तयार चाल घेतली की गायकाला तालमीची गरज उरत नाही, श्रोत्याला ध्रुवपद पहिल्या फेरीतच उचलता येते आणि सारा जोर शब्दांवर देता येतो. ज्यांच्याजवळ वाद्यवृंद नव्हता, ध्वनिमुद्रणाची सोय नव्हती, त्यांच्यासाठी हे सर्वांत स्वस्त मुद्रणालय होते. प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या गायकांनी कव्वालीचा सवाल-जवाब भीमगीतात रुळवला, तेव्हा उरुसाच्या मंचावरील एक आकृतिबंधच जयंतीच्या मंचावर आला. विठ्ठलाची गाणी, कव्वाली आणि भीमगीते एकाच कंठातून ऐकणाऱ्या श्रोत्याला त्यात विसंगती वाटली नाही. विसंगती समीक्षकांना वाटली, कारण त्यांची कपाटे वेगवेगळी होती.

६ डिसेंबरची निवड अधिक कठीण आहे. ‘महापरिनिर्वाण’ ही बौद्ध परंपरेतील संज्ञा. तीत पूर्तता आहे, अनित्यतेचा स्वीकार आहे. पण त्या दिवशी गायली जाणारी बहुसंख्य गीते पोरकेपणाची आहेत. बाप गेला, आधार तुटला, आता कोण पाहील, असा त्यांचा सूर. संज्ञा धम्माची आणि गाणे लोकपरंपरेतील विलापाचे, असा हा पेच आहे. काही अभ्यासकांना हा विलाप धम्माशी विसंगत वाटतो. परंतु ज्या समाजाने १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षा घेतली आणि आठ आठवडेही उलटले नाहीत तोच ६ डिसेंबर पाहिला, त्याला अनित्यतेचे तत्त्वज्ञान अंगी मुरवण्यास अवधीच मिळाला नव्हता. रडण्याची भाषा त्याच्याजवळ पिढ्यान्‌पिढ्यांची होती, तीच त्याने वापरली. १९९६ मध्ये बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात ध्वनिमुद्रित झालेल्या जात्यावरच्या ओव्यांतही बाबासाहेब असेच नात्यातले होऊन येतात. ते भाऊ असतात, पाहुणे असतात, रमाईचे पती असतात. या ओव्यांना तारीख नाही. त्या रोज पहाटेच्या आहेत. कदाचित म्हणूनच त्यांत कृत्रिम शोक नाही.

कडुबाई खरात यांच्या गायनाला याच शहराच्या परिसरातून मिळालेली प्रसिद्धी या संदर्भात बोलकी आहे. हातात एकतारी, संथ लय, घरगुती उच्चार. समाजमाध्यमांतून हा आवाज दूरवर गेला. मिरवणुकीच्या गाण्यांनी कान किटलेल्या श्रोत्याने पुन्हा ओवीच्या जवळचे काही निवडले, असा त्याचा अर्थ लावता येतो. येथे निवड संयोजन समितीने केली नव्हती.

१४ जानेवारी

या शहराची स्वतःची म्हणावी अशी तारीख म्हणजे १४ जानेवारी. मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १९५८ ची. विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव राज्याच्या विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी संमत केला आणि त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. १९७९ मध्ये नागपूरहून लाँग मार्च निघाला. १९९३ च्या नोव्हेंबरात नांदेड येथे गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ हे नाव अमलात आले. ठराव नामांतराचा होता, प्रत्यक्षात आला तो नामविस्तार. त्या दिवसापासून दरवर्षी विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी जनसमुदाय लोटतो, कमानीसमोर माथा टेकवतो आणि परिसरातील व्यासपीठांवरून गाणी सुरू होतात.

कोणती गाणी? या दिवसात तीन भाव एकत्र आहेत. विजय आहे, मृतांचे स्मरण आहे आणि अपुरेपणाची बोचही आहे, कारण ‘नामांतर’ आणि ‘नामविस्तार’ या दोन शब्दांत जे अंतर राहिले ते सोळा वर्षे लढलेल्यांना ठाऊक आहे. विजयगीत निवडले तर मृत बाजूला पडतात. शोकगीत निवडले तर मिळवलेले नाव लहान होते. आणि चळवळीच्या काळातील मागणीचे गीत निवडले, तर आणखीच निराळा प्रश्न उभा राहतो. जी मागणी पूर्ण झाली तिचे गीत तिच्या पूर्तीच्या वर्धापनदिनी म्हणण्याचा अर्थ काय?

या प्रश्नाचे एक उत्तर असे देता येते की मागणीचे गीत पूर्तीनंतर साक्ष बनते. त्यातील भविष्यकाळ श्रोत्यासाठी भूतकाळ झालेला असतो, पण गाणाऱ्याला तो भविष्यकाळातच उच्चारावा लागतो. ‘होईल’ असे म्हणताना ‘झाले’ हे ठाऊक असणे, या दोहोंमधील ताण हाच त्या गीताचा आजचा आशय. १९९४ नंतर जन्मलेल्या विद्यार्थ्याला विद्यापीठाचे नाव प्रमाणपत्रावर छापलेले आयतेच मिळाले आहे. त्याच्या कानावर मागणीचे गीत पडले तर ते नाव कधीकाळी नव्हते, ही गोष्ट त्याला कळते. गौरवगीतातून ती कळत नाही. या कसोटीवर १४ जानेवारीसाठी १९७८ ते १९९४ या काळातील शाहिरांची गीते सर्वाधिक योग्य ठरतात. परंतु ती बहुतांशी कार्यकर्त्यांच्या वह्यांत, जुन्या कॅसेटांत आणि ज्येष्ठ गायकांच्या स्मरणात विखुरलेली आहेत. विद्यापीठाच्याच मराठी विभागाने आणि संलग्न महाविद्यालयांनी ती संकलित करणे हे समीक्षेच्याही आधीचे काम आहे. वही हरवली, गायक गेला, की निवडीचा प्रश्नच मिटतो.

१४ जानेवारीला बहुतेक वर्षी मकरसंक्रांतही असते. तिळगूळ देऊन गोड बोलण्याचा सण आणि नामांतराची आठवण एकाच तारखेवर येणे हा योगायोग आहे. मात्र त्या दिवशीच्या वृत्तपत्रांत आणि कार्यक्रमांत यांपैकी कोणते अधिक ठळक असते, ही निवडच असते.

चरणांची निवड

गीत निवडल्यावर आणखी एक निवड उरते, ती चरणांची. राष्ट्रगीत म्हणून रवींद्रनाथांच्या मूळ पाच कडव्यांपैकी पहिलेच स्वीकारले गेले. ‘वंदे मातरम्’ची पहिली दोन कडवी सभांतून म्हणावीत, असा निर्णय काँग्रेस कार्यसमितीने १९३७ मध्ये घेतला. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांचे संगीत आणि शाहीर साबळे यांचा आवाज लाभलेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गीत १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत झाले, तेव्हा त्यातीलही दोनच चरण अधिकृत ठरले. प्रत्येक वेळी कारणे निराळी होती. कोठे वेळ, कोठे सर्वसमावेशकता. पण चरण गाळणे हाही अर्थनिर्णय आहे आणि ज्या संस्थेने तो घेतला तिच्या भूमिकेचे दर्शन त्यातून होते. राज्यगीतासाठी शिवजयंतीचा दिवस निवडणे हीसुद्धा अशीच एक वाचनपद्धती. तीमुळे मे १९६० च्या महाराष्ट्राचे गीत सतराव्या शतकाच्या महाराष्ट्राशी बांधले गेले. खुद्द शिवजयंतीला कोणता पोवाडा म्हणावा, या प्रश्नामागेही हेच आहे. अफझलखानवधाचा अगिनदासाचा पोवाडा निवडला तर एक शिवाजी उभा राहतो. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये रचलेला निवडला तर रयतेचा, कुळवाड्यांचा शिवाजी उभा राहतो.

‘वंदे मातरम्’चा या शहराशी जो संबंध आहे, त्याची आठवण १७ सप्टेंबरला, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी, फारच क्वचित निघते. १९३८ च्या नोव्हेंबरात निजामी राजवटीतील औरंगाबादच्या इंटरमीडिएट कॉलेजच्या वसतिगृहात विद्यार्थ्यांनी हे गीत प्रार्थनेत म्हटले, त्यावर बंदी आली, बंदी मोडली गेली आणि चळवळ हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत पसरली. काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला, पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकी एक. म्हणजे या शहरात एक गीत म्हटल्याबद्दल विद्यार्थ्यांचे शिक्षण तुटले होते. हे गीत देशभर वादग्रस्तही राहिले. मुस्लिम समाजातील अनेकांना त्यातील उत्तरार्ध आपल्या श्रद्धेशी विसंगत वाटला, आणि १९३७ च्या निर्णयामागे तेही कारण होते. मुस्लिम लोकसंख्या मोठी असलेल्या या शहरात तो इतिहास टाळून चालणार नाही. पण टाळण्याचे दोन मार्ग आहेत. एक, गीत न म्हणणे. दुसरा, ते रोजच्या उपचाराप्रमाणे म्हणून टाकणे आणि १९३८ चा उल्लेखही न करणे. महाविद्यालयांत सर्रास दिसतो तो दुसरा. सिद्धार्थ उद्यानातील स्मृतिस्तंभापाशी शासकीय ध्वजारोहण होते, राष्ट्रगीत आणि राज्यगीत होते. राज्यगीतात गोदावरीचा उल्लेख आहे, तेवढा मराठवाडा त्यात येतो. स्वामी रामानंद तीर्थांच्या पिढीने सोसलेल्या तेरा महिन्यांचा, १५ ऑगस्ट १९४७ ते १७ सप्टेंबर १९४८ या काळाचा, त्यात येण्याचा प्रश्नच नाही. तो काळ सांगणारी शाहिरी होती. तिचीही अवस्था नामांतराच्या गीतांसारखीच आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. महाविद्यालयीन कार्यक्रम अर्ध्या तासाचा असतो, विद्यार्थी उभे असतात, पुढचा तास वाट पाहत असतो. त्यात गीताच्या निवडीवर एवढा खल कशासाठी? आक्षेपात तथ्य आहे. प्रत्येक तारखेला नवे गीत बसवणे कोणालाच शक्य नाही. पण गीत म्हणण्यापूर्वी ते आजच का, हे दोन वाक्यांत सांगणे शक्य आहे. त्यासाठी तालीम लागत नाही, वाचन लागते.

१५ ऑगस्ट २०२२ या दिवसाचे उदाहरण पाहावे. स्वातंत्र्याला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाल्याचा सोहळा त्या दिवशी प्रत्येक महाविद्यालयात झाला. देशभक्तिपर गीतांच्या स्पर्धा झाल्या, बक्षिसे दिली गेली. नेमक्या त्याच दिवशी वामनदादा कर्डक यांच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण झाली होती. संपत्तीतील आपला वाटा विचारणारे त्यांचे गीत त्या सकाळी ध्वजस्तंभासमोर म्हणण्यास कोणताही नियम आड येत नव्हता. स्पर्धांच्या गीतसूची आणि त्या वर्षीचे सांस्कृतिक विभागांचे अहवाल महाविद्यालयांच्या दप्तरांत आहेत. कोणत्या गीताला स्थान मिळाले आणि कोणत्या गीताचा विचारही झाला नाही, हे त्यांतून पडताळून पाहता येईल.